कोंबड्यांना आंबवलेलं धान्य आणि झाडपाला: खान्देशातल्या परसातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. परसात पस्तीस-चाळीस कोंबड्या असतात. बहुतेक गावरान, पाच-सहा गिरिराज (सुधारित जातीच्या) आणि एक कडकनाथ कोंबडा. हा कोंबडा दिसायला राजा आहे, पण मांजर दिसलं की सगळ्यात आधी तोच पळतो. अंडी न्यायला येणारे, बचतगटातल्या बाया, पाहुणे, सगळे फिरून फिरून तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. कोंबड्या पाळते, चुकते आणि वहीत लिहून ठेवते.

आंबवलेलं धान्य म्हणजे शिळं-सडकंच ना?

नाही. खान्देशातल्या बाईला हे वेगळं शिकवायची गरज नाही. बिबड्यांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी तीन दिवस भिजत घालता ना? दुसऱ्या दिवशी टोपल्याला नाक लावलं की आंबटसर, ताकासारखा वास येतो. कुरडयांच्या गव्हाचंही तसंच. कोंबड्यांसाठी करायचं ते एवढंच. पाण्याखाली बुडालेल्या धान्यावर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, दही लावणाऱ्या जिवाणूंचे ते भाऊबंद. त्यांनी पाणी आंबट केलं, म्हणजे सामू (पीएच, आंबटपणाचं माप) साडेचार-चारपर्यंत खाली आला, की सडवणाऱ्या बऱ्याच जंतूंना तिथं थारा राहत नाही. सडलेल्याचा वास गटारासारखा येतो. ज्यानं एकदा बिबड्यांची ज्वारी उपसली आहे त्याची या दोन वासांत गफलत होत नाही.

माझी माय कुरडईचा चीक काढून उरलेला चोथा कोंबड्यांपुढं टाकायची. त्या दिवसांत कोंबड्या दुसरं काही तोंडाला लावायच्या नाहीत. हे सगळं मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं.

याचा फायदा काय होतो?

धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल नावाचा एक पदार्थ असतो. तो फॉस्फरस, जस्त, लोह अशी खनिजं धरून ठेवतो आणि कोंबडीच्या आतड्याला ती सोडवून घेणं जमत नाही. आंबवताना ही पकड बरीच सैल होते, दाणाही मऊ पडतो. आंबट खाद्यामुळं गळ्याखालच्या पिशवीत आणि पुढं आतड्यात वाईट जंतूंना वाढायला अवघड जातं. शिवाय दाण्याबरोबर पाणी पोटात जातं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात मला हाच फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

विष्ठा घट्ट होते, वास कमी येतो असं पुष्कळजण सांगतात. आमच्या खुराड्यात वास कमी झाला हे खरं, पण त्याच सुमारास मी तुरकाठ्यांचं जुनं खुराडं मोडून जाळीचं केलं होतं. त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवू शकत नाही.

कोणतं धान्य घ्यायचं?

घरात जे आहे ते. दादर (आपल्याकडची रब्बी ज्वारी), संकरित ज्वारी, बाजरी, गहू, तांदळाची कणी, मक्याचा भरडा. अख्खा मका भिजायला फार वेळ घेतो आणि गावरान कोंबडीला तो मोठाही पडतो, म्हणून गिरणीतून जाडसर भरडून आणा. ज्वारी पांढरी असली तर उत्तम. लाल-तपकिरी ज्वारीत टॅनिन जास्त असतं, ते तुरट लागतं आणि प्रथिनं पचू देत नाही.

मी स्वतः दोन वाटे ज्वारी, एक वाटा बाजरी, एक वाटा मक्याचा भरडा असं घेते. त्यात शास्त्र कमी आणि कोठीत काय उरलंय ते जास्त.

कच्चं सोयाबीन मात्र यात टाकू नका. प्रथिनं पचवण्याच्या कामात अडथळा आणणारा घटक त्यात असतो आणि तो नुसतं भिजवून भरवशानं जात नाही. तो घालवायला चांगलं भाजावं किंवा उकडावं लागतं. राजमा तर कच्चा कुठल्याही रूपात नको.

नेमकं करायचं कसं?

मातीचं मडकं, चिनी मातीची बरणी, स्टीलचा डबा किंवा खाण्याच्या वस्तूंसाठी असते तशी प्लास्टिकची बादली घ्या. तांबं-पितळ-अॅल्युमिनियम नको, आणि जस्ताचा मुलामा असलेली पत्र्याची बादलीही नको. आंबट पाणी धातूला खातं आणि तो धातू कोंबडीच्या पोटात जातो. रंगाची रिकामी बादली किंवा फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी वापरायचा नाही.

धान्य निवडून, दोनदा धुऊन भांड्यात निम्म्यापर्यंत भरा. दाण्यांवर चार बोटं उभं राहील इतकं पाणी घाला, कारण दाणे फुगतात आणि उघडे पडले की तिथंच बुरशी धरते. नळाला दोन-चार दिवसांआड येणारं पाणी टाकीत साठवलेलं असेल तर तसंच चालतं. नुकतंच आलेलं, औषधाचा वास मारणारं पाणी असेल तर रात्रभर उघड्यावर ठेवा, नाहीतर क्लोरीन आपल्याच कामाच्या जिवाणूंना मारतं. पहिल्या वेळी किलोभर धान्याला वाटीभर ताक घाला. ताक बिनमिठाचं असावं. मीठ अजिबात नको, जास्त मीठ कोंबड्यांना विषासारखं आहे.

वर फडकं बांधा किंवा झाकण सैल ठेवा. घट्ट झाकण लावलं तर आत वायू कोंडतो. आमच्या शेजारच्या जिभाऊंनी बरणी फिरकीच्या झाकणानं गच्च बंद केली होती. ती उघडली तेव्हा पाणी आढ्यापर्यंत गेलं आणि तेव्हापासून त्यांच्या घरात हा विषय बंद आहे. सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीनं तळापासून ढवळा. बुडबुडे आले, पाणी दुधट झालं, आंबट वास आला की तयार. चाळणीत उपसून निथळा आणि गार असतानाच द्या. उरलेल्या आंबट पाण्यातलं दोन वाट्या पाणी पुढच्या भांड्यात विरजण म्हणून वापरा, मग ताक लागत नाही. महिन्यातून एकदा मात्र भांडं उन्हात कडकडीत वाळवून नव्यानं सुरुवात करते. त्याच त्या पाण्यावर महिनोन्‌महिने चालवलं की वास बदलत जातो.

किती दिवस ठेवायचं?

पुण्या-कोकणातल्या लोकांचे आकडे आपल्याला लागू होत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या दिवसांत सावलीतलं भांडं अठरा ते चोवीस तासांत तयार होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवलं तर दारूसारखा वास येतो. पावसाळ्यात दीड-दोन दिवस. डिसेंबर-जानेवारीत, रात्री हुडहुडी भरते तेव्हा, तीन दिवस, कधी त्याहून थोडं जास्त. तेव्हा मी भांडं चुलीजवळ सरकवते. घड्याळापेक्षा नाकावर विश्वास ठेवा.

वर पांढरी साय धरली. फेकून देऊ?

पातळ, सपाट, सुरकुत्यांची पांढरी साय असेल तर ते यीस्ट असतं, लोणच्यावर येतं तसं. काढून टाका, ढवळा, वास घ्या, ठीक असेल तर वापरा. केसाळ, लोकरीसारखं काही वाढलं असेल किंवा हिरवा, काळा, गुलाबी रंग दिसला तर सगळं भांडं उकिरड्यावर, आणि तेही कोंबड्या उकरणार नाहीत इतकं खोल. वरचं काढून खालचं वापरायचा मोह होतो, पण बुरशीची मुळं खालपर्यंत गेलेली असतात.

पावसात भिजलेला, काळा पडलेला मका आंबवून चालेल का?

हा प्रश्न ऑक्टोबरात हमखास येतो. मका काढायला आणि परतीचा पाऊस यायला एकच गाठ पडते. ढीग ताडपत्रीखाली तापतो, दाण्यांवर हिरवट बुरशी येते, व्यापारी घेत नाही, मग सगळ्यांना कोंबड्या आठवतात.

नाही चालत. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर घाव घालतं. भाजून, उकडून ते जात नाही, आंबवूनही खात्रीनं जात नाही. उलट आंबट वासाखाली बुरशीचा कुबट वास लपतो आणि आपली फसगत होते. कोंबड्या पटकन मरत नाहीत. त्या खंगतात, अंडी कमी होतात, लसीचाही परिणाम नीट होत नाही, आणि आपण दोष देतो हवेला. भुईमुगाच्या पेंडीतही हीच भानगड असू शकते. कुबट वासाची ढेप स्वस्त मिळाली तरी आणू नका.

पेरणीतून उरलेलं बियाणं घालू का? वाया जातंय.

जाऊ द्या. गुलाबी-लाल-निळ्या रंगाचं बियाणं बुरशीनाशक-कीटकनाशक लावलेलं असतं. धुऊन रंग गेला तरी औषध जात नाही. कोठीत गोळ्या टाकलेलं धान्यही पसरून, हवा देऊन, पुरेसे दिवस गेल्याशिवाय नको. गोळ्यांची राख त्यात राहिली नाही हेही पाहा.

ज्वारीला मोड आले तर जास्त पौष्टिक ना?

गहू-मुगाबद्दल हे म्हणणं ठीक आहे, ज्वारीबद्दल नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारा घटक असतो. पेरा झाल्यावर पाऊस ओढ देतो तेव्हा कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, त्याच कुळातलं हे प्रकरण. धान्य पूर्ण पाण्याखाली असलं की मोड येत नाहीत, दाणे उघडे पडले की येतात. बोटाएवढे हिरवे कोंब आलेली ज्वारी मी टाकून देते.

दिवसाला किती द्यायचं?

गावरान कोंबडी दिवसाला साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम कोरडं खाद्य खाते, गिरिराज-वनराज त्याहून जास्त. दहा कोंबड्यांना किलोभर धरा. त्यातलं निम्मं आंबवून, निम्मं कोरडं असा माझा हिशेब आहे. वजन भिजण्याआधी करा. भिजल्यावर दाणा पाण्यानं जड होतो आणि आपल्याला वाटतं खूप घातलं.

वीस-पंचवीस मिनिटांत संपेल एवढंच टाका. उरलेलं उचला. उन्हाळ्यात ओलं खाद्य दुपारपर्यंत पडून राहिलं की त्यावर माश्या बसतात, अळ्या होतात, आणि इतकी मेहनत करून आपणच आजार वाढलेला असतो.

फक्त आंबवलेलं धान्य दिलं तर अंडी वाढतील?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आंबवल्यानं धान्यातलं असलेलं नीट पचतं. नसलेलं कुठून येणार? ज्वारीत प्रथिनं साधारण दहा टक्के, मक्यात आठ-नऊ, बाजरीत अकरा-बारा. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा टक्के लागतात. किलोभर धान्यामागं पाव किलो चांगली भुईमुगाची किंवा तिळाची पेंड मिसळली की गणित सोळाच्या आसपास जातं. कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरून किडे, गांडुळं, वाळवी खात असतील तर त्याच्या निम्म्यानं भागतं. तिळाची पेंड मला जास्त आवडते, कारण धान्यात कमी असलेलं मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) तिच्यात चांगलं असतं. आठवड्यातून दोनदा मूठभर सुकट देते. बाजारातली सुकट खारवलेली असू शकते, म्हणून ती दोनदा धुते. पेंड आंबवणात घालू नका, लवकर नासते. खायला टाकताना वरून कालवा.

आता कॅल्शियम. एका अंड्याच्या टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम ज्वारीत ते असतं पंचवीस-तीस मिलिग्रॅम. म्हणजे नुसत्या ज्वारीवर टरफल बनवायचं तर कोंबडीला काही किलो ज्वारी रोज खावी लागेल. बाकीचं ती स्वतःच्या हाडांतून काढते, मग पातळ कवचाची, बिनकवचाची अंडी येतात आणि शेवटी कोंबडी बसते ती उठत नाही. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक कुटलेली अंड्यांची टरफलं वेगळ्या वाटीत कायम ठेवा. ज्या कोंबडीला लागेल ती खाते. टरफलं ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करा, नाहीतर अंडी फोडून खायची सवय लागते. पानात खायचा चुना मात्र देऊ नका, त्यानं तोंड-गळा भाजतो.

आणि गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, मधे खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. तिला काहीही खाऊ घातलं तरी ती तीनशे देणार नाही.

सरकीची ढेप घरात आहे. ती चालेल?

गाई-म्हशींना द्या. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. अंड्यावरच्या कोंबड्यांना ढेप घातली की साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडू शकतो, पांढऱ्याला गुलाबी छटा येते. गिऱ्हाईक अंडं फोडतं, बघतं आणि परत येत नाही.

दादर खाऊ घालतो, पण बलक फिका येतो. गिऱ्हाईक म्हणतं गावरान नाही.

बलकाचा रंग येतो पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांतून. ती पिवळ्या मक्यात असतात, हिरव्या पाल्यात असतात, पांढऱ्या ज्वारीत जवळजवळ नसतात. फिका बलक म्हणजे खोटं गावरान असं काही नाही. पण गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा थोडा मका वाढवा, मेथी-घास-शेवग्याचा पाला द्या.

आणि एक गंमत. नंदुरबारकडच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानांवर, लाल मिरचीचे गालिचे पसरलेले असतात. तिथं काम करणाऱ्या माणसाचे डोळे चुरचुरतात, आणि कोंबडी मात्र मिरचीचं बी निवांत टिपत फिरते. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, ज्या जागी ती झोंबायला हवी ती जागाच त्यांच्यात वेगळी आहे. लाल मिरचीच्या सालीतलं रंगद्रव्य बलकात उतरतं आणि तो केशरी होतो. फुटकी, देठ काढलेली, पण बुरशी नसलेली मिरची कुटून किलोभर खाद्याला चमचाभर पुरे. चव तिखट होत नाही, घाबरू नका.

हळद, लसूण, शेवगा, कडुलिंब: काय, किती, कधी?

शेवग्यापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा तोच कामाचा. सावलीत वाळवलेल्या पाल्यात पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, कॅल्शियम असतं, अ जीवनसत्त्वाला लागणारं कॅरोटीन असतं. त्याला मी औषध म्हणतच नाही, ते खाद्य आहे. ओला पाला जुडी करून टांगून ठेवा, कोंबड्या उड्या मारून खातात. वाळलेला चुरा किलोमागं दोन-तीन मोठे चमचे.

हळद किलोभर कोरड्या धान्यामागं एक छोटा चमचा, चिमूटभर काळी मिरी कुटून, आठवड्यातून दोन-तीन दिवस. हळदीचे गुण प्रयोगांतून दिसले आहेत, पण ते हळू आणि थोडे असतात. लसूण दहा कोंबड्यांना चार-पाच पाकळ्या ठेचून, आठवड्यातून एकदा-दोनदा. जास्त घातला तर अंड्याला वास येतो, आणि शहरातलं गिऱ्हाईक त्याला 'अंडं खराब आहे' म्हणतं. कांदा मात्र रोज नको, तो जास्त झाला तर पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ओवा, आलं, तुळस, अडुळसा घरचं असेल तर थोडं थोडं चालतं. थंडीत मी आलं-तुळस उकळून गार केलेलं पाणी देते. त्याचा फायदा कोंबड्यांना किती आणि माझ्या मनाला किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

कडुलिंब लोकांना फार आवडतो. पोटात देण्यापेक्षा मी तो खुराड्यात वापरते. कडू लागल्यानं कोंबड्या खाणं कमी करतात, आणि कडुलिंब जास्त झाल्यास नराच्या बीजावर परिणाम होतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. अंडी उबवायची असतील तर कोंबड्याला रोज कडुलिंब चारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

झाडपाला आंबवणात टाकू नका. लसूण-हळद आपल्या जिवाणूंनाही रोखतात आणि आंबवण रेंगाळतं. धान्य निथळल्यावर वरून कालवायचं.

काढ्यानं मानमोडी बरी होते का?

नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत, विषाणूचा आजार. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवट पातळ हगवण लागते आणि पाहता पाहता खुराडं रिकामं होतं. त्याला औषध नाही, काढा नाही, मंतरलेला दोराही नाही. लस आहे.

हे मी ऐटीत सांगत नाही. एका उन्हाळ्यात 'आपल्या कोंबड्या हळद-लसूण खातात, त्यांना काय होतंय' म्हणून मी लस टाळली. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात सव्वीसपैकी एकोणीस गेल्या. लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, आणि मी मागं खड्डा खणत होते.

पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुन्हा चार-पाच आठवड्यांनी तीच. आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याच आजाराची आर-टू-बी ही लस, टोचून. कुपी बर्फातून आणायची, ऊन लागू द्यायचं नाही, कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. एका कुपीत शंभर-दोनशे मात्रा असतात, एका घराला ती जास्त होते, म्हणून आमच्या गल्लीतल्या सात घरांनी दिवस ठरवून घेतला आहे. पहाटे सगळे आपापली डाली घेऊन येतात. पाण्यातून लस द्यायची असेल तर त्या दिवशी पाण्यात हळद, लसूण, आंबवणाचं पाणी, काही घालायचं नाही. देवी, गंबोरो या कोंबड्यांच्या दुसऱ्या आजारांच्या लसी कधी हे तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

एका रात्रीत पाच-सहा मेल्या तर?

हात लावू नका, कापू नका, खाऊ नका, नाल्यात फेकू नका. दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. खान्देशाला हे सांगावं लागू नये. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात सापडला, आणि २०२१ मध्ये तो तिथं पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखांनी पक्षी मारावे लागले. परसातल्या चार कोंबड्यांचं कोण विचारतं असं वाटतं, पण आजार परस आणि फार्म असा भेद करत नाही.

विष्ठेत रक्त दिसतं. हळद वाढवू?

दवाखान्यात जा. पिल्लांमधली रक्ती हगवण बहुतेक वेळा कॉक्सिडिओसिसची (आतड्यातल्या परजीवीच्या आजाराची) असते, खाली अंथरलेल्या ओल्या तुसात ती फोफावते. तिच्यावर स्वस्त आणि खात्रीचं औषध मिळतं. तूस बदला, पाण्याची गळती थांबवा. हळद नंतर.

उवा-पिसवांना काय करावं?

चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती निम्मी निम्मी, त्यात वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा, उथळ खड्ड्यात. कोंबड्या स्वतःच लोळतात. तंबाखूचं पाणी आणि शेतातली फवारणी नको, त्यात कोंबडीच जाते.

मे महिन्यात काय बदलायचं?

कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि टरफलासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. म्हणून शिंपले चारूनही उन्हाळ्यात कवच पातळ येतं. दुपारी खाणं देऊच नका, पचवताना अंगात उष्णता वाढते. आंबवलेलं पहाटे ऊन व्हायच्या आत, कोरडं दिवेलागणीला. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. खुराड्यावर ओलं पोतं. फार धापा टाकत असतील तर लिटरभर पाण्यात अर्धं लिंबू आणि थोडा गूळ, पण ते दोन तासांत बदलायचं, नाहीतर तेच आंबतं.

पिल्लांना आणि खुडूक कोंबडीला?

पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांचं तयार खाद्य किंवा बारीक भरडा कोरडाच. त्यांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. नंतर आंबवलेल्या बाजरीची थोडी थोडी सवय लावा. खुडूक कोंबडीला एकवीस दिवस कोरडं अख्खं धान्य, म्हणजे ती अंड्यांवर घाण करत नाही.

मोहाची फुलं? केळी?

धडगाव-मोलगीकडून हा प्रश्न येतो. वाळलेली मोहाची फुलं थोडी चालतात, साखरच असते ती. भट्टीतून उरलेला लगदा नको. कोंबड्या झिंगतात, आणि झिंगलेल्या कोंबडीला मुंगूस नेतं. रावेर-यावलकडं पडून राहणारी केळी ताजी, कुस्करून, थोडी द्या. आंबवणात घातली तर त्यांची दारू होते.

खाद्याचा खर्च निम्मा होतो म्हणतात, खरं आहे का?

निम्मा नाही होत. ओलं असल्यानं भुकटी उडत नाही, सांडत नाही, आणि पचन थोडं सुधारतं. खरा आकडा पाहायचा असेल तर महिनाभर कोरड्या धान्याचं वजन आणि अंड्यांची संख्या लिहा. माझ्या वहीत बचत दिसते, पण पेंड आणि शिंपल्यांचा नवा खर्च धरला की ती थोडकीच उरते.

वास येतो म्हणून घरचे ओरडतात. उपाय?

भांडं स्वयंपाकघरात ठेवू नका, न्हाणीच्या मागं सावलीत ठेवा. फडक्यावर दगड ठेवा, कुत्रं तोंड घालतं. आमच्या सासूबाईही सुरुवातीला नाक मुरडायच्या. मग एका फाल्गुनात मी बाजारला गेले असताना त्यांनी त्याच भांड्यातली ज्वारी उपसून, धुऊन, वाटून तिचे बिबडे थापले. चांगले झाले होते. आता घरात दोन भांडी आहेत आणि कोंबड्यांच्या भांड्याला लाल चिंधी बांधलेली असते.